पिवळ्या भाताचा शेंडा

बुध. ७ जाने.
सकाळी आत्याबाईंच्या गुडघ्याला तेल चोळताना कळलं की त्यांची पंच्याहत्तरी करायची आहे. १ फेब्रुवारी, आपल्याच गच्चीवर, तीसेक माणसं. मला कुणी विचारलं नाही. सासू माझ्या हाताखाली, गुडघा माझ्या हातात, आणि बातमी मला त्यांच्याकडून.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "श्रीकांत आणि केतकीनं ठरवलंय. आपल्याला काही करायचं नाही." आपल्याला काही करायचं नाही, हे या घरात मी चौदा वर्षं ऐकते आहे, आणि चौदा वर्षं करते आहे.

भाऊजी आणि केतकी जाकार्तात आठ वर्षं काढून दिवाळीत परत आले. वरच्या मजल्यावर उतरले. फ्लॅट मिळेपर्यंत. फ्लॅट अजून बघतायत. इथून पुढं तिला के. लिहीन. पूर्ण नाव लिहायला शाई जास्त लागते.

गुरु. ८ जाने.
जेवताना के.नं मोबाइल आत्याबाईंच्या ताटाशेजारी ठेवला. त्यात पिवळ्या भाताचा डोंगर. खरंच डोंगर, टोकदार, हातभर उंच, खाली केळीचं पान, भोवती सात प्रकार. तुंपेंग म्हणतात. तिकडं वाढदिवस, लग्न, नवं दुकान, काहीही असलं की हा डोंगर. आईंच्या पंच्याहत्तरीला मी स्वतः करणार, म्हणाली.

मी भाकरी भाजत ऐकत होते. मग तिनं पुढचं सांगितलं. ज्याचा वाढदिवस तो डोंगराचा शेंडा कापतो आणि ज्याचा त्याच्या मनात सगळ्यात जास्त मान, त्याला पहिला देतो. सगळ्यांसमोर.

हे वरणात बोट फिरवत बसले. भाऊजी पाणी प्यायले. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजी एकालाच?"
"एकालाच, आई."
"बरं."
एवढंच. के. ताटं उचलायला उठली तर लगेच, "तू बस गं. संध्या हाय ना."

संध्या आहेच. कुठं जाणार.

रवि. ११ जाने.
के.ची रंगीत तालीम. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या गॅसवर. वर तिला गॅस आहे, पण "तिथं नीट जमत नाही ताई".

लांब दाण्याचा बासमती आणला होता, भारीतला. मी पिशवी पाहिली आणि कणीक मळायला घेतली. हा तांदूळ बिर्याणीचा. दाणा दाणा मोकळा व्हावा म्हणून जन्माला आलेला. त्याचा डोंगर कसा उभा राहील? पण मला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला काही करायचं नव्हतं.

नारळाच्या दुधाचे डबे, हळद, तेजपत्ता, अंगणातला माझा गवती चहा (न विचारता उपटला, मुळासकट). तिथं म्हणे बू वाती नावाची स्वयंपाकीण होती, ती करायची. के. शेजारी उभी राहून व्हिडिओ काढायची. म्हणजे आठ वर्षं हिनं तुंपेंग पाहिला आहे, केलेला नाही. हे तिनं स्वतःच सांगितलं, बोलण्याच्या ओघात. मी लक्षात ठेवलं.

जाड पुठ्ठ्याचं नरसाळं करून त्यात भात भरला, परातीत उलटा केला. नरसाळं उचललं आणि सगळा भात चारी बाजूंनी पसरला. छान मोकळा झाला होता. मी म्हटलं, "दाणा सुरेख फुललाय." वाईट हेतूनं म्हटलं. तिला कळलं.

दुपारी सगळ्यांनी तोच भात खाल्ला. चव चांगली होती, तेही लिहून ठेवते.

बुध. १४ जाने.
संक्रांत. शाळेतून येऊन हळदीकुंकू. चितेगावहून बस मिळाली नाही, उशीर. आले तर के. हिरवं रेशमी नेसून दारात, माझ्या मैत्रिणींना वाण देत होती. वाण मी आणलेलं. सगळ्या तिला जाकार्ता विचारतायत. पाऊस किती, लोक कसे, डाळ मिळते का.

शेजारच्या मंगलबाई म्हणाल्या, "काय सून मिळालीय तुम्हाला आत्याबाई, घर उजळलं."
आत्याबाई म्हणाल्या, "व्हय, लई गुणाची."

मी पायावर पाणी घेत होते न्हाणीत. दार उघडंच होतं. चौदा वर्षांत माझ्या वाट्याला 'लई' आलेलं नाही. 'मीठ लई झालं' सोडून.

के.ला तिळगूळ दिला. बाकी बोलले नाही.

रवि. १८ जाने.
तालीम दोन. या खेपेला कोलम आणला, आणि दाबून भरला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबला. उभा राहिला. जरा वाकडा, बुटका, पण उभा. तिनं भोवती उकडलेली अंडी ठेवली, लाल मिरच्या खोचल्या, लिंबाच्या फोडी. केळीचं पान. लांब होऊन फोटो काढायला लागली.

आत्याबाई काठी टेकत आल्या. परात पाहिली आणि दारातच थांबल्या.
"आगं बाई. हे कुणावरून उतरवायचं हाय?"
के.ला कळेना.
"पिवळा भात, लिंबू, मिरची, अंडं. तिठ्यावर नेऊन ठेवतेत असं. माझ्यावरून उतरवून टाकायलीस काय मला?"

मी हसले. थांबवता आलं नाही. कढईकडं तोंड करून हसले, पण खांदे दिसतात. हेही हसले. भाऊजी नाही. तेवढ्यात डोंगराची एक बाजू हळूच खाली सरकली आणि अंडं घरंगळत फरशीवर गेलं. मग तर काय.

आत्याबाई गेल्यावर के.नं परात तिथंच ठेवली आणि माझ्याकडं वळली. आवाज खालचा, पण धार होती. "ताई, तुम्हाला माहीत होतं ना? कुठला तांदूळ लागतो ते?"
"तू विचारलं नाहीस."
"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

फरशी पुसायला घेतली. खरं उत्तर मला माहीत आहे, तिलाही.

मंगळ. २० जाने.
ठरवून एक-एक जण आला. काल सकाळी हे, कंपनीत जाताना बूट घालता घालता: "जरा बघ ना, पाहुण्यांत हसं होईल." संध्याकाळी भाऊजी, दारातून: "वहिनी, तुमच्या हातालाच जमेल." आज के. स्वतः. समोर बसली, बांगड्या फिरवत. "ताई, तुम्ही कराल का? मी मदत करीन."

मी म्हटलं, "बघते."

का हो म्हटलं ते इथं तरी खरं लिहायला हवं. घराचं हसं होईल म्हणून नाही. के.ची दया तर अजिबात नाही. तो शेंडा मला हवा आहे. तो डोंगर मी उभा करणार, आणि आत्याबाई सगळ्यांसमोर म्हणणार, संध्या ये. एकदा. तीस माणसांसमोर. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गुडघ्याचं ऑपरेशन, ते आठ महिने पलंगावरचं सगळं, त्यातलं काही मला परत नको. एवढा एक घास हवा आहे.

वय सेहेचाळीस. तिसरीच्या मुलांना शिकवते. त्यांच्यातलीच एखादी वही पुढं करून बाईंची सही मागते, तशी झाली आहे माझी गत. असो. लिहिलं ते लिहिलं.

शनि. २४ जाने.
सकाळची शाळा. येताना कपाटातला शंकू घेऊन आले. भूमितीच्या पेटीतला, पत्र्याचा, पोकळ, हातभर उंच, वरच्या वर्गांसाठी. घासून, उकळत्या पाण्यात घालून, आतून केळीचं पान तेल लावून बसवलं. के. पुठ्ठा चिकटवत बसली होती. शंकू पाहिला आणि पुठ्ठा बाजूला ठेवला. बरं केलं.

तांदूळ इंद्रायणी. चिकट, बसका. आमच्याकडं पाहुण्यांना हा भात वाढला तर गचका झाला म्हणून नाकं मुरडतील. मी जन्मभर मोकळ्या भातासाठी ओळखली जाते. आज मुद्दाम गचका केला. हात ऐकत नव्हते. दोनदा पाणी कमी घातलं सवयीनं, दोनदा वाढवलं.

के. म्हणाली नारळाचं दूध आधी, तांदूळ त्यातच अर्धा शिजवायचा, मग चाळणीवर वाफवायचा. मी म्हटलं एकदाच कुकरला लावू. ती म्हणाली नाही. मी म्हटलं करणारी मी आहे. ती म्हणाली, "पण खाल्लाय मी." इथं मला थांबावं लागलं. तिच्या पद्धतीनं केला. तिचं बरोबर निघालं. हेही लिहिते, नाइलाज आहे.

गरम असतानाच शंकूत थोडा थोडा घालायचा, डावाच्या पाठीनं दाबायचा. पंधरा मिनिटं तसाच. मग परात वर ठेवून एका झटक्यात उलटा.

उभा राहिला. सरळ, गुळगुळीत, टोकाला तांदळाचा एकच दाणा. आम्ही दोघी बघत राहिलो. के.नं माझ्या हाताला हात लावला, मी पाणी आणायला गेले.

मग अंड्यावरून भांडण. आत्याबाई माळकरी, त्यांच्या परातीत अंडं चालायचं नाही. के. म्हणते सात पदार्थ हवेतच, अंडं त्यातलं एक. मी म्हटलं पनीर घाल. ती म्हणाली, "मग तुंपेंग कशाला, वरणभातच करा की." मी म्हटलं, "आमची हरकत नाही." अर्धा तास बोलणं बंद. शेवटी पनीर.

मंगळ. २७ जाने.
काल झेंडावंदन, मुलांची कवायत, घसा बसला. परतताना गुलमंडीच्या बाजारात उतरले. केळीची पानं सांगून आले, मोठी, न फाटलेली, रविवारी सकाळी. आणि स्वतःला साडी घेतली. जांभळी, काठ मोरपंखी. हे म्हणाले, "कुठलं लग्न आहे?" मी म्हटलं, तुमच्या आईची पंच्याहत्तरी.

आरशासमोर उभी राहून बघितलं, शेंडा घ्यायला पुढं जाताना पदर कसा दिसेल. उजवा हात पुढं, डावा कोपराला. कुणी पाहिलं असतं तर विहिरीत उडी घ्यावी लागली असती.

शनि. ३१ जाने.
शेंगदाणे आणि सोयाबीन गुळाच्या पाकात, लाल मिरची घालून कुरकुरीत. पालेभाजी आणि मोड ओल्या खोबऱ्यात कालवून. बटाट्याची टिक्की. काकडी. पनीर. पापड. सातवा ठेचा. के. त्याला वेगळंच काही म्हणते, पण टोमॅटो घातला तरी ठेचा तो ठेचाच. आत्याबाईंनी बोटावर घेऊन चाटला. "ह्यो ठेचा हाय." एकूण तालमींमधलं त्यांचं हे पहिलं चांगलं बोलणं.

नारळ खवून मनगट गेलं. के.नंही खवले, चार. एकदा बोट कापलं. मी हळद दिली, पट्टी तिनंच बांधली.

उद्या सहाला तांदूळ भिजत.

रवि. १ फेब्रु.
दुपारचे चार वाजलेत. सगळे लवंडलेत. आत्ताच लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

भात जमला. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. डावभर देवापुढं आधीच ठेवला. परात मी आणि ह्यांनी जिन्यानं वर नेली. गच्चीवर सगळे जमल्यावर उलटा केला, शंकू उचलला. वाफ निघत होती. लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, देवळाचं शिखरच की. के.नं पुढं येऊन सांगितलं, हा डोंगर का, पिवळा का, शेंडा कुणाला. सांगते छान. "भात ताईंनी केलाय," हेही म्हणाली. तेवढं म्हणाली.

मी हात पुसले. परातीशेजारीच उभी होते, दोन पावलांवर. जांभळी साडी.

आत्याबाईंनी सुरी घेतली. शेंडा कापला, ताटलीत ठेवला, वर थोडा ठेचा ठेवला. मान वर करून सगळीकडं बघितलं. ह्यांच्याकडं, भाऊजींकडं. माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं. मी अर्धं पाऊल टाकलं होतं.

"केतकी, ये."

टाळ्या. के.ला रडू आलं. वाकून पाया पडली. भाऊजींनी फोटो काढले, मला म्हणाले वहिनी जरा बाजूला, तुमची सावली पडतेय.

मी बाजूला झाले. मग कुणीतरी वाढायला हवंच होतं, तर मीच डाव घेतला. शेंडा कापून जिथं सपाट झालं होतं तिथंच पहिला डाव घालावा लागला. तीस पानं वाढली. कुणी म्हणालं नाही, तू बस.

मी जेवले नाही. कुणाला कळलं नाही.

सोम. २ फेब्रु.
आत्याबाईंशी बोलले नाही. चहा दिला, गोळ्या दिल्या, गुडघ्याला तेल चोळलं. तोंड बंद. त्यांनी तीनदा विचारलं, बाहेर ऊन हाय का. खिडकी उघडी होती, त्यांनाही दिसत होतं.

जांभळी साडी घडी करून माळ्यावर टाकली. परत दिसायला नको.

मंगळ. ३ फेब्रु.
सकाळी वेणी घालताना त्याच बोलल्या.
"काहून बोलंनास?"
"काही नाही."
"त्या भातावरून व्हय?"
मी कंगवा जरा ओढला. मुद्दाम.
"आगं, पहिलं वाढप पाव्हण्याला असतंय. एवढी शिकलीस, कळंना का तुला? ती आज हाय, उद्या फ्लॅटात जाईल. पाव्हणी ती. तू घरची. घरच्याला कुणी मान देत बसतं का?"
"मग घरच्याला काय देतात?"
"घर दिलंय की तुला."

आणि चहा मागितला.

मी चहा केला. त्यांना वाटतं त्यांनी माझी समजूत काढली. त्यांच्या हिशेबी हे कौतुकच होतं, चौदा वर्षांतलं पहिलं, आणि त्यात कुठं खोट नाही. 'तू बस गं, संध्या हाय ना' हे इतके दिवस मी लाड म्हणून ऐकत होते, तिचे. ते लाड नव्हते. पाहुण्याला उठू देत नाहीत, एवढंच.

बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलं नाही. संताप आला, कालच्यापेक्षा जास्त. काल निदान वाटत होतं आपला मान कुणीतरी पळवला. आज कळलं तो माझ्यासाठी कधी नव्हताच, कारण मी घरची. घरचीनं केर काढायचा, भात उभा करायचा, उरलं तर खायचं, आणि वरून समजायचं की हा मोठेपणा आहे. मग मला पाहुणी करा. आठ वर्षं मीही कुठं जाऊन येते.

शाळेत एका मुलावर विनाकारण ओरडले. मधल्या सुट्टीत त्याला जवळ बोलावलं, सॉरी म्हटलं. तो घाबरला अजून.

गुरु. ५ फेब्रु.
भाऊजींनी जाहीर केलं, फ्लॅट बघणं बंद. इथंच राहणार, वरती. के. खाली आली, माझ्यासमोर ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा नुसता फुललेला. "ताई, खरं सांगू? मला वाटायचं आईंना मी नकोच आहे. कशालाच हात लावू द्यायच्या नाहीत. पण परवा सगळ्यांसमोर... आता जावंसं वाटत नाही." शेंड्याचा फोटो तिनं बू वातीलाही पाठवलाय. बू वाती रडली म्हणे.

माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य. तुला पाहुणी म्हणून दिला. एवढं म्हटलं असतं की वरचा मजला महिन्यात रिकामा. मी भाजी चिरत होते आणि ते वाक्य तोंडात घोळवत होते, आणि खोटं कशाला लिहू, मजा येत होती.

नाही बोलले. चांगुलपणा म्हणून नाही. तिला तिचं सांगायचं तर मला माझंही सांगावं लागलं असतं. घरची म्हणून मला काय मिळालं ते. ते तिच्यासमोर नको.

"राहा की," म्हटलं. "घर काय माझं आहे?" ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते.

रवि. ८ फेब्रु.
आज रविवार, सगळे घरी, सगळे खाली जेवायला. वांग्याची भाजी, वरण, भाकरी, साधा भात. मोकळा. साडेबारापर्यंत सगळं टेबलावर नेऊन ठेवलं. पाच ताटं मांडली. आत्याबाई, हे, भाऊजी, के. येऊन बसले आणि नेहमीसारखे माझ्या हाताकडं बघायला लागले.

मी माझं ताट ओढलं. भात वाढून घेतला. वरण घेतलं, तूप घेतलं, भाजी, अर्धी भाकरी. खुर्ची घेतली आणि बसले. पहिला घास घेतला.

ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं ठरवलं. भात समोर होता, भूक लागली होती.

हे म्हणाले, "अगं?"
मी म्हटलं, "जेवते."
आत्याबाई: "आन् आमाला?"
"भात समोर आहे, आत्याबाई."

कुणी हललं नाही. ह्यांना वाढायचं कधी माहीत नाही, चौदा वर्षांत मिळून त्यांनी स्वतःचं पाणी घेतलं असेल दहादा. भाऊजी मोबाइल बघायला लागले. के. उठली. डाव हातात घेतला, आत्याबाईंच्या ताटाकडं वळली.

"तू बस," आत्याबाई म्हणाल्या.
"असू द्या आई, मी वाढते ना."
"ठेव म्हणलं की डाव. पाव्हण्यानं वाढायचं नसतंय."

के. तशीच उभी. डाव हवेत. मी बघितलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बघितलं. तिला आधी वाटलं असावं की चुकून म्हणाल्या. मग ती आत्याबाईंकडं बघत राहिली, आणि मग माझ्याकडं. मला सगळं माहीत होतं हे तिला तेव्हाच कळलं. तांदळाच्या वेळी कळलं होतं तसंच.

"ताई?" म्हणाली.

मी म्हटलं, "मला विचारू नकोस. मी जेवते आहे."

तिनं डाव भातात ठेवला. बसली. चेहरा पांढरा. भाऊजी म्हणाले, "आई, काय बोलतेस तू?" आत्याबाई म्हणाल्या, "वाईट काय बोलले?" आणि खरंच त्यांना कळलेलं नव्हतं. काठी मांडीला लावून बसल्या होत्या, भातावर नजर ठेवून. पाहुणी वाढणार नाही. घरची उठणार नाही. मुलांनी वाढायचं असतं हे त्यांना सुचत नाही. राहिल्या त्या स्वतः, आणि त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ओट्याला हात लावलेला नाही.

मी सगळं संपवलं. दुसऱ्यांदा भात घेतला. चौदा वर्षांत गरम भात पहिल्यांदा खाल्ला असेन. ताट धुतलं, माझं एकटीचं, पालथं घातलं, खोलीत आले. दार लोटलंय, कडी घातलेली नाही.

आत्ता सव्वा वाजतोय. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एकच, कुणाची ते कळलं नाही. डावाचा अजून नाही.